राजवाड्याजवळची संकल्पवही आणि दारातला फलक : एका वर्षाच्या वापरानंतर

साताऱ्यात राजपथावरून राजवाड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत वह्या, शालेय साहित्य आणि लग्नपत्रिकांची छपाई यांचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे मालक दर डिसेंबरात स्वतःच्या छापखान्यात एक ‘संकल्पवही’ छापतात आणि ती ३२० रुपयांना विकतात. वहीसोबत अर्ध्या पाटीएवढे एक जाड कार्ड मिळते. त्याच्या वरच्या भागात आपले नाव आणि वर्षभराचे जास्तीत जास्त तीन संकल्प स्वतःच्या अक्षरात लिहायचे असतात, आणि ते कार्ड दुकानाच्या दारातल्या फलकावर ३१ डिसेंबरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे टाचलेले राहते. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात दुकानात यायचे, कार्ड उतरवून घ्यायचे आणि त्या महिन्यात काय झाले ते खालच्या बारा रकान्यांपैकी एकात लिहायचे. मालक त्याशेजारी तारखेचा रबरी शिक्का मारतात आणि कार्ड पुन्हा जागेवर जाते. फलकावर साठच कार्डे मावतात म्हणून वह्याही साठच छापल्या जातात, आणि याच कारणाने दुकानाचे नाव लिहू नये अशी मालकांची विनंती आहे, ती मी पाळते आहे. एक संपूर्ण वर्ष ही वही आणि हा फलक वापरल्यानंतर त्यात काय खरोखर उपयोगी आहे आणि काय बदलायला हवे, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी वहीविषयी. दुकानदारांच्या रोजमेळाला असतो तसा लाल कापडी पुठ्ठा, शिवण बांधणी आणि टेबलावर सपाट उघडी राहणारी पाने, यामुळे ती रोज हाताळूनही वर्षअखेरीपर्यंत एक पानही सुटले नाही. कागद मात्र थोडा पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिले की अक्षर मागच्या पानावर उमटते, म्हणून मी दुसऱ्या आठवड्यापासून बॉलपेन धरले. पानापानावर सुविचार छापलेले नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक आठवड्याला समोरासमोरची दोन पाने आहेत: डावीकडे काय ठरवले ते आणि उजवीकडे काय केले ते. डावीकडच्या पानावर ‘केव्हा’, ‘कुठे’ आणि ‘किती वेळ’ असे तीन उभे रकाने आहेत, आणि माझ्या मते या वहीची निम्मी किंमत त्या तीन रकान्यांतच वसूल होते. ‘या आठवड्यात पळेन’ एवढेच लिहून तिथे भागत नाही; ‘मंगळवारी पहाटे साडेपाचला, चार भिंतीच्या चढावर, चाळीस मिनिटे’ असे लिहावे लागते (चार भिंती ही साताऱ्यातली टेकडीवरची एक जागा). जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये हेच तत्त्व मांडले होते: अमुक वेळ आली, अमुक जागा आली की अमुक कृती करायची, असे आधीच ठरवून ठेवले तर इराद्याचे कृतीत रूपांतर होण्याची शक्यता वाढते. मालकांना हे संशोधन माहीत होते की नाही, हे मी विचारले नाही. छापखान्याच्या कामांचे वेळापत्रक ते असेच लिहितात, एवढे त्यांनी सांगितले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय सेहेचाळीस, घर शाहूपुरीत. माझ्या कार्डावर तीन संकल्प होते. पहिला, सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर अंतर तीन तासांच्या आत पूर्ण करणे. दुसरा, माझ्या सासूबाईंकडून आणि त्यांच्या गावच्या बायकांकडून जात्यावरच्या १००० ओव्या ऐकून लिहून काढणे. तिसरा, वर्षभरात ५२ पुस्तके वाचणे. वहीच्या सुरुवातीला सूचना आहे की संकल्प असा लिहावा की तो वाचणाऱ्याला ‘हे जमेल का?’ असा प्रश्न पडावा. ही सूचना योग्य आहे असे मी आजही म्हणेन. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या कामातून पुढे आलेला निष्कर्ष असा की नेमके आणि अवघड ध्येय समोर असलेला माणूस ‘जमेल तेवढे करू’ म्हणणाऱ्यापेक्षा अधिक काम करतो, मात्र त्यासाठी ध्येयाशी बांधिलकी असावी लागते आणि आपण कुठवर आलो हे मधूनमधून कळत राहावे लागते. ओव्यांचा आकडा मी याच विचाराने मोठा धरला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. त्यांच्या कामाशी माझी तुलनाच होऊ शकत नाही, पण एका घरातून आणि एका गावातून हजार ओव्या निघाल्या तर ते आमच्या कुटुंबासाठी तरी मोठे धन ठरेल, असे मला मनापासून वाटत होते.

कार्ड फलकावर लागले त्याच दिवशी मी त्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवले आणि नातेवाइकांच्या गटावरही पाठवले. शाळेत मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर त्याचा उल्लेख केला. पोवई नाक्यावर भाजी घेताना माजी विद्यार्थ्यांच्या आया थांबवून कौतुक करू लागल्या. जानेवारी महिना त्या कौतुकातच गेला, आणि त्या महिन्यात मी चार दिवस पळाले, सहा ओव्या लिहिल्या आणि एक पुस्तक संपवले. गोल्विट्झर यांनीच आपल्या सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात याचे स्पष्टीकरण सापडते. त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. ज्यांचा चांगला वकील होण्याचा इरादा दुसऱ्या कोणी वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी त्यानंतर प्रत्यक्ष अभ्यासाला कमी वेळ दिला. ज्यांच्या इराद्याकडे कोणी लक्षच दिले नाही, ते अधिक काळ नेटाने बसले. लोकांनी दखल घेतली की आपण तसे झालोच आहोत असे समाधान मनाला आधीच मिळते, असा त्याचा अर्थ आहे. स्टेटसवर आलेला प्रत्येक अभिनंदनाचा निरोप मला असेच समाधान देत होता. म्हणून या फलकाच्या पहिल्या भागाला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला संकल्प जाहीर करण्याला, मी फारसे गुण देणार नाही.

या सेवेचे खरे मोल मला फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी कळले. त्या महिन्यात बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, घरात पाहुणे होते, आणि तिन्ही संकल्पांपुढे लिहिण्यासारखे काहीही नव्हते. न जाण्याचाही विचार मनात आला होता. दुकानात माझ्या आधी तीन माणसे उभी होती: एक रिक्षाचालक, बारावीत शिकणारी एक मुलगी, आणि मला आठवी ते दहावी मराठी शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या आमच्या बाई. मालकांनी कार्ड काढून माझ्या हातात दिले. फेब्रुवारीच्या रकान्यात काय लिहावे हे मला सुचेना. मालक म्हणाले, ‘‘मॅडम, शून्य असलं तर शून्य लिहा. शिक्का त्यालाही मिळतो.’’ मी तीन शून्ये लिहिली. त्यांनी तारखेचा शिक्का मारला, शाई वाळू दिली आणि कार्ड फलकावर परत लावले. पुढचा संपूर्ण महिना ती शून्ये रस्त्यावरून वाचता येत होती. बाईंनी ती वाचली, आणि त्या फक्त एवढेच म्हणाल्या, ‘‘पुढच्या रविवारी येशील ना?’’

जाहीर करणे ही एक गोष्ट आहे आणि ज्यांना आपण ओळखतो त्यांच्यासमोर दर महिन्याला स्वतःच्या हाताने हिशेब लिहिणे ही दुसरी, हे मला त्या दिवसापासून पटत गेले. या बाबतीत संशोधनाची साक्षही मजबूत आहे. २०१६ मध्ये बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता, ज्यांत मिळून जवळपास वीस हजार माणसे होती. प्रगतीवर नियमित लक्ष ठेवल्याने ध्येय गाठण्यास मदत होते, आणि ती नोंद लिखित ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर परिणाम आणखी वाढतो, असे त्यातून दिसले. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या हॉवर्ड क्लाइन यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये दाखवले की ध्येय कोणालाही सांगून सारखाच उपयोग होत नाही. ज्याच्या मताला आपण मान देतो, जो आपल्याहून वरच्या पायरीवर आहे असे आपण समजतो, त्याला सांगितले तर बांधिलकी वाढते. माझ्यासाठी ती व्यक्ती म्हणजे आमच्या बाई होत्या. दोनशे जणांनी पाहिलेल्या स्टेटसने जे केले नाही ते बाईंच्या एका प्रश्नाने केले. दुकानाने हे घडवून आणले असे म्हणता येणार नाही, परंतु दोन तासांच्या ठरलेल्या वेळेमुळे तीच माणसे दर महिन्याला एकमेकांना भेटतात, आणि ही वेळ ठरवण्याची कल्पना दुकानाचीच आहे. ती वेळ त्यांनी कधीही सैल करू नये.

ओव्यांच्या संकल्पाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण वहीचा आणि फलकाचा उपयोगही तिथे सर्वांत जास्त झाला आणि त्यांची मर्यादाही तिथेच दिसली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या पाटण तालुक्यातल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी वहीत ‘शनिवारी दुपारी तीनला, स्वयंपाकघरात, एक तास’ असे लिहिले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी पाच-सहा ओव्या सांगितल्या आणि त्या थांबल्या. मी आठवण करून देण्याचा प्रयत्न करत राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अशी बसून न्हाय आठवत गं. हात फिरला म्हंजी त्वांड उघडतंय.’’ त्या आठवड्याच्या उजव्या पानावर मी आत्यांचे हे वाक्य जसेच्या तसे लिहिले, आणि महिन्याच्या शेवटी ‘कशामुळे राहिले’ या पानाशी आल्यावर उत्तर समोरच होते. माळ्यावर वीसेक वर्षे पडून असलेले जाते खाली काढले, धुतले, त्याला टाकी लावून घेतली (म्हणजे दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घेतले), खुंटा नवा बसवला. पुढच्या शनिवारी पहाटे आत्या आणि मी जात्याच्या दोन बाजूंना बसलो. नाचणीची पहिली वैरण, म्हणजे मूठभर दाणे, जात्यात घालून त्यांनी खुंट्याला हात लावला, दोन-तीन फेरे मुकाट्याने गेले, आणि मग दगडांच्या घरघरीतूनच सूर निघाल्यासारखी पहिली ओवी आली. त्या ओवीत त्यांनी मोठ्या भावाला हाक मारली होती. पायली संपेपर्यंत एकतीस ओव्या झाल्या. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, आणि एक सासूविषयीची, जी म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ती ओवी मी लिहिली आहे, पण तिची चर्चा आम्ही अजून केलेली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या गावी पंधरा दिवस राहिलो, आणि शेजारच्या पाच बायका संध्याकाळी जमू लागल्या. रकान्यातला आकडा झपाट्याने वाढू लागला: एप्रिलअखेर १४८, मेअखेर ४१२. फलकासमोर थांबणारी माणसे आता कौतुक न करता चौकशी करू लागली. रिक्षाचालक दादांनी त्यांच्या आईच्या दोन ओव्या आणून दिल्या. सप्टेंबरअखेर मी कार्डावर ९०२ लिहिले, आणि बाईंनी चष्मा पुसत विचारले, ‘‘यात एकच ओवी दोनदा धरलेली नाही ना?’’ मी घरी येऊन सगळ्या पानांची छाननी केली. एकच ओवी दोन बायकांनी एखाददुसरा शब्द बदलून म्हटली की मी ती वेगळी मोजत आले होते, आणि हे जूनपर्यंत कमी आणि जुलैपासून जास्त झाले होते, म्हणजे आकडा हजाराजवळ येऊ लागला तसे. पाठभेद जपले पाहिजेत यात शंका नाही, पण ते स्वतंत्र ओवी म्हणून मोजणे चूक होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी आधीचा आकडा एका रेघेने खोडला आणि खरा आकडा, ७३१, लिहिला. २००९ मध्ये लिसा ऑर्डोन्येझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्येयांच्या दुष्परिणामांविषयी लिहिताना नेमका हाच इशारा दिला होता की एकाच आकड्यावर नजर खिळली की त्या आकड्याबाहेरचे सगळे दुर्लक्षित होते आणि मोजणीत अप्रामाणिकपणा शिरू शकतो. चारचौघांत लावलेल्या फलकावर हा धोका घरातल्या वहीपेक्षा नक्कीच जास्त आहे, आणि तो पकडणारी नजरही त्याच फलकासमोर उभी होती, हेही तितकेच खरे आहे. ३१ डिसेंबरला माझा आकडा ८१३ होता.

पळण्याविषयी कमी लिहिते, कारण त्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. ही स्पर्धा साताऱ्यात २०१२ पासून होते. मार्ग यवतेश्वरच्या घाटातून कास रस्त्याने वर जातो आणि त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे पहिला निम्मा भाग चढाचा आणि दुसरा निम्मा उताराचा असतो. उन्हाळ्यात चार भिंती आणि अजिंक्यताऱ्याचा चढ, जूननंतर घाटातला पाऊस आणि धुके, अशा क्रमाने सराव केला. वहीच्या रकान्यांमुळे माझ्या लक्षात आले की मी चढाचाच सराव करत होते आणि उताराचा अजिबात नाही. गुडघे दुखू लागले ते त्यामुळे. स्पर्धेत मला ३ तास ७ मिनिटे लागली. संकल्प तीन तासांचा होता, म्हणून कार्डावर ‘अपूर्ण’ असे लिहिले. मालकांनी शिक्का मारला आणि आतून कंदी पेढ्याचा पुडा आणून सर्वांना वाटला.

पुस्तकांची संख्या २९ झाली. तीन मोठे संकल्प एका नोकरदार माणसाने एकाच वर्षात धरू नयेत, असे माझे मत झाले आहे, आणि कार्डावर तीन ओळी छापलेल्या असल्या की त्या भरण्याचा मोह होतोच. एकच ओळ छापावी.

आता उणिवांकडे वळते. सर्वांत मोठी उणीव वहीच्या प्रस्तावनेत आहे. तिथे एक गोष्ट सत्य म्हणून छापली आहे: १९५३ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून पदवी घेतलेल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची वीस वर्षांनंतरची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली. ही गोष्ट अनेक व्याख्यानांत सांगितली जाते, पण असा अभ्यास प्रत्यक्षात झाल्याचा कोणताही पुरावा सापडलेला नाही. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, आणि साठ घरांत जाणाऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर खोटी गोष्ट असावी याचे मला फार वाईट वाटते, विशेषतः खऱ्या गोष्टी उपलब्ध असताना. कॅलिफोर्नियातल्या डोमिनिकन विद्यापीठाच्या गेल मॅथ्यूज यांनी खरोखर केलेल्या अभ्यासात, ध्येय लिहून ठेवून त्याच्या प्रगतीचा अहवाल दर आठवड्याला मित्राला पाठवणाऱ्यांनी, ध्येयाचा नुसता मनात विचार करणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक साध्य केले. जॉन नॉरक्रॉस यांनी दोन वर्षे पाठपुरावा करून दाखवले होते की नववर्षाचा संकल्प पहिला आठवडाभर ७७ टक्के लोक पाळतात आणि दोन वर्षांनंतर १९ टक्के. प्रस्तावनेत हे छापावे. मी मालकांना तसे लिहून दिले आहे आणि त्यांनी पुढच्या छपाईत बदल करण्याचे कबूल केले आहे.

दुसरी उणीव अशी की वर्षाच्या मध्ये संकल्प बदलण्याची सोय नाही. बारावीतल्या त्या मुलीने एका प्रवेश परीक्षेचे गुण संकल्प म्हणून लिहिले होते. मार्चनंतर तिने दुसरी वाट निवडली, पण जुनी ओळ डिसेंबरपर्यंत तिच्या नावाखाली तशीच राहिली आणि तिला येता-जाता लोकांना तेच समजावून सांगावे लागले. विचारपूर्वक बदललेला संकल्प हा सोडलेल्या संकल्पापेक्षा वेगळा असतो, आणि कार्डाने तो फरक दाखवला पाहिजे. तिसरी गोष्ट, काही संकल्प भर रस्त्यावर लावण्याचे नसतातच. कर्ज फेडणे, व्यसन सोडणे, वजन, आजारपण यांबाबत माणसाला आधार हवा असतो, पण तो निवडक माणसांचा. वही घेणाऱ्याला कार्ड दुकानाच्या आत, फक्त रविवारी येणाऱ्यांना दिसेल अशा जागी लावण्याचा पर्याय मिळावा. आणि फलकाला पुढून काच असली तरी बाजू उघड्या आहेत. साताऱ्याच्या पावसात जुलैमध्ये खालच्या रांगेतली सात-आठ कार्डे भिजली आणि अक्षरे फुटली. मालकांनी ती स्वखर्चाने नव्याने करून दिली, मात्र आधीचे शिक्के आणि ज्याच्या त्याच्या अक्षरातला हिशेब गेला तो गेलाच.

चौथी उणीव रकान्याची. त्यात आकडा लिहिण्यापुरतीच जागा आहे. काम कसे झाले, कोणाच्या हातून झाले, हे लिहायला जागा नाही. या जिल्ह्याला जाहीर संकल्पाची मोठी परंपरा आहे आणि तिच्याकडे पाहिले की ही त्रुटी अधिक जाणवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प जाहीर केला, तो आकडा त्या काळात कोणालाही अशक्य वाटावा असाच होता. पण त्यांची रयत शिक्षण संस्था त्याआधी १९१९ पासून काम करत होती आणि लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला तो डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या वसतिगृहांमुळे. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत उतरण्याचा विडा उचलला आणि पहिले बक्षीस मिळवले. तिथे दररोज किती खोदले गेले हे माळावरच्या समतल चरांत सर्वांना दिसत होते, आणि कोण कुदळ घेऊन आले व कोण आले नाही हेही दिसत होते. जाहीर केलेल्या शब्दाला असे दिसणारे काम जोडलेले असले की आकड्याला वेगळे समजावण्याची गरज पडत नाही. दुकानातल्या कार्डाला हे पूर्णपणे साधता येणार नाही, तरी प्रत्येक रकान्याशेजारी दोन ओळींची जागा वाढवली तर पुष्कळ फरक पडेल.

ही वही कोणी घ्यावी, असे विचाराल तर ज्याला महिन्यातून एकदा साताऱ्यात, त्या दोन तासांत, स्वतः हजर राहता येईल त्यानेच. मुलांच्या किंवा नवऱ्याच्या हाती आकडा पाठवून शिक्का मारून घेण्याची परवानगी मालक देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या दोन-तीन जणांची कार्डे मार्चनंतर कोरी राहिली. त्यांच्यासाठी ३२० रुपयांची ही चांगली बांधलेली रोजनिशी आहे, त्याहून अधिक काही नाही. ज्यांना फक्त वहीच हवी आहे त्यांना ती कमी किमतीत देण्याचा विचार दुकानाने करावा, म्हणजे फलकावरची जागा रविवारी येणाऱ्यांना मिळेल. विक्री डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि मागच्या खेपेला सगळ्या प्रती नऊ दिवसांत संपल्या. गुढीपाडव्यापासून सुरू होणारी वहीही काढावी, अशी सूचना अनेकांनी केली आहे. शाळेत काम करणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची पडेल असे मलाही वाटते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटचा शिक्का मारल्यावर मालकांनी कार्ड कायमचे माझ्या हातात दिले. बाईंनी ते मागून-पुढून पाहिले आणि विचारले, ‘‘८१३ कळले. गाणाऱ्या बायकांची नावे कुठे आहेत?’’ नावे वहीत होती, फलकावर कधीच आली नव्हती. यंदाची वही मी घेतली आहे. कार्ड दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे आहे, त्यावर यंदा एकच संकल्प लिहिला आहे: उरलेल्या १८७ ओव्या. छापील ओळींत जागा पुरली नाही, म्हणून कार्डाच्या समासात, त्यांची संमती घेऊन, आत्यांचे आणि त्यांच्या गावच्या पाच जणींचे नाव मी बारीक अक्षरात लिहिले आहे. मालकांनी ते पाहिले आणि काही न बोलता समासावरही एक शिक्का मारला.